ताणला जातो तो स्वेटर, धागा नव्हे!

मलकापूरच्या एखाद्या कचेरीत डब्याच्या पिशवीत लोकर-सुया लपवणाऱ्या पुरुषाला धास्ती एकच: सहकारी ‘बायकी काम’ म्हणून हसतील. पण त्या पिशवीत चक्क भौतिकशास्त्र असतं. लोकरीचा धागा स्वतः फारसा ताणला जात नाही. स्वेटर मात्र ताणला जातो. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे जवळपास सरळ असतात, सुयांवर मात्र धाग्याचे फास होतात. ओढलं की फासांचा आकार बदलतो, सोडलं की बराचसा पूर्ववत होतो. एका बाजूने सगळे टाके सुलट दिसणाऱ्या विणीच्या कडा गुंडाळतात; एक सुलट, एक उलट अशा टाक्यांच्या उभ्या ओळी घातल्या की ताण तोलला जातो आणि वीण आडवी आकसून राहते. मनगटाची पट्टी म्हणूनच घट्ट बसते. आणि ‘बायकी’ म्हणाल, तर टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णविजेता टॉम डेली 2021 मध्ये प्रेक्षकांत बसून सर्वांदेखत विणत होता. मग जेवणाच्या सुट्टीत सुया बाहेर काढायला लाज कसली?