वासाचा सांगावा

दिवाळीत आकाशकंदील टांगावा, तो घटकाभरात त्याच्याभोवती किड्यांचा फेर सुरू! दिव्यावर जीव ओवाळणारा पतंग कवींनी अजरामर करून ठेवला आहे. पण वाचकहो, पतंगाची खरी प्रीती दिव्यावर नाही, ती वासावर आहे. आणि ही प्रीती शेतकऱ्याच्या फार उपयोगी पडते.

कल्याणहून कर्जतची लोकल धरा. निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले उल्हासनगर आपल्या गजबजलेल्या बाजारांसह मागे पडते. अंबरनाथला प्राचीन शिवमंदिराची आठवण होते न होते, तोच कारखान्यांच्या वासाने हात रुमालाकडे जातो. बदलापूर सोडले की भाताची खाचरे दिसू लागतात. कापणीला आलेल्या पिवळ्या शेतात एखादी पांढरीफटक लोंबी ताठ उभी असते. ताठ, कारण तिला वाकवायला दाणाच नसतो! हीच ती पळींज. खोडकिड्याची करणी.

या किडीची पिवळसर मादी पानाच्या शेंड्याजवळ अंडी घालते आणि त्यांवर आपल्या अंगावरची लव पसरते. आठवडाभरात अळ्या निघतात व खोडात शिरतात. रोप कोवळे असेल तर गाभा मरतो. पोटरीत असेल तर पळींज होते. अळी एकदा खोडात बसली की बाहेरून मारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणजे सारा प्रश्न एवढाच, की पतंग आले केव्हा?

हे कळण्याची किल्ली पतंगाच्याच अंगी आहे. फ्रान्समधील कीटकपंडित फाब्र याने एकोणिसाव्या शतकात एक मादी जाळीखाली ठेवली, तर रात्री चाळीसएक नर तिच्या शोधात घरात शिरले. पुढे १९५९ साली जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट याने रेशीमकिड्याच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून हा गंध वेगळा काढला. नुसते काही मिलिग्रॅम द्रव्य हाती आले! भातावरील पिवळ्या खोडकिड्याचा गंध १९८५ साली ओळखला गेला. त्यात दोन द्रव्ये, तीनास एक या प्रमाणात. प्रत्येक जातीचा गंध निराळा. दिवा साऱ्यांना बोलावतो. हा गंध फक्त आपल्या माणसाला!

हाच गंध कारखान्यात तयार करून रबरी गोळीत भरतात. वर छत्री, मध्ये नरसाळे, खाली प्लॅस्टिकची पिशवी. झाला कामगंध सापळा! पाहणीसाठी हेक्टरी पाच पुरतात. पिकाच्या शेंड्यांहून थोडा वर बांधायचा, पीक वाढेल तसा उंच करायचा आणि तीनेक आठवड्यांनी गोळी बदलायची. तंबाखू मळलेल्या हाताने मात्र गोळीला शिवू नये. सारा खेळ वासाचा आहे!

येथे एक गैरसमज होतो. पिशवी भरली की शेतकरी म्हणतो, 'मेले एकदाचे!' पण मेले ते नर. अंडी घालणारी मादी बाहेरच आहे. पाहणीचा सापळा हा खाटीक नव्हे, सांगाव्या आहे. पतंग वाढू लागले की आठवडाभराची सवड मिळते. तेवढ्यात शेतात उतरून अंडीपुंज शोधावेत, खुडावेत, अंड्यांवर जगणारे ट्रायकोग्रामा सोडावेत. औषध लागलेच तर वेळेवर मारावे. पतंगच नसतील तर पंप खुशाल खुंटीवर ठेवावा.

हे न मारणे फार मोलाचे आहे. २०१७ साली यवतमाळकडे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनेही कहर केला होता. त्या अळीसाठी हिशेब ठरलेला आहे: सापळ्यामागे रोज आठ-दहा पतंग, लागोपाठ तीन दिवस, तरच धोका समजावा. २००८ साली सोयाबीनवर अळ्यांनी धाड घातल्यावर राज्याने २००९-१० पासून कीड-सर्वेक्षणाची योजना सुरू केली, तिच्याही मुळाशी हेच तत्त्व आहे: आधी मोजा, मग मारा.

लक्ष्मीपूजनाला उल्हासनगरचा व्यापारी नवी वही पुजतो. बदलापूरकडच्या शेतकऱ्यानेही एक वही पुजावी. तीत पावसाळाभर रोजचे पतंग मांडावेत. जमाखर्च ज्याला कळला, त्याचे नुकसान टळले. मग दुकान असो की खाचर!