वहीची मागची पानं

'नियम ९ : खेळाडू मोसमाच्या मध्यात परदेशी क्लबकडे गेला, तर त्याच्या बोलीची निम्मी रक्कम परत.'

हा नियम फिलिप कुटिन्योची कृपा. जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलनं त्याला बार्सिलोनाला विकलं आणि लेस्टरच्या पबमधल्या आमच्या फॅंटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंवर कागदी बोली लावून संघ बांधायचा आणि त्यांच्या खेळावर गुण मोजायचे) आमच्यातल्या प्लंबरचा संघ एका रात्रीत पांगळा झाला. ऑगस्टच्या लिलावात त्यानं जवळजवळ निम्मी थैली या एका खेळाडूवर रिकामी केली होती. पुढचे कितीतरी शुक्रवार टेबलावर दुसरा विषय नव्हता. शेवटी हात वर करून मतदान झालं आणि चिटणिसानं वहीत एक ओळ वाढवली.

वही शाळकरी, निळ्या पुठ्ठ्याची. पुढून गुणतक्ते, मागून नियम. पुठ्ठ्यावर बिअरच्या ग्लासांचे गोल डाग, आत दर दोन-तीन नियमांनी बदललेली शाई. नियम ६ आधी पेन्सिलीनं लिहिलेला, मग खोडलेला, मग पेननं पुन्हा लिहून खाली दोन सह्या घेतलेल्या. पुढच्या पानांवर कोण जिंकलं ते कळतं. कोण कशावरून भांडलं, ते मागच्या पानांवर. माझ्या मते लीगचा खरा इतिहास मागच्याच पानांवर आहे.

फॅंटसी लीग या प्रकाराची सुरुवात इंग्लंडची नाही. १९६२ मध्ये ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी संघाच्या दौऱ्यात न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून दोघा-तिघांबरोबर नियम मांडले, आणि पुढच्या वर्षी आठ संघांची लीग सुरू झाली. त्यांच्यातल्याच अँडी मुसालिमस यांनी १९६९ मध्ये ओकलंडमधल्या आपल्या किंग्ज एक्स बारमध्ये हा खेळ गिऱ्हाइकांसाठी खुला केला. म्हणजे बारशी नातं जुनंच. आपल्या ओळखीच्या फुटबॉलसाठी १९९१ मध्ये अँड्र्यू वाइनस्टीन यांनी इंग्लंडमध्ये फॅंटसी लीग काढली, १९९४ मध्ये 'डेली टेलिग्राफ'नं तो खेळ छापायला घेतला आणि आमची वही त्याच लाटेतली. तेव्हा सोमवारचं वर्तमानपत्र पसरून चिटणीस गोल मोजायचा. प्रीमिअर लीगचा अधिकृत खेळ २००२ मध्ये आला. त्यात हवा तो खेळाडू हव्या तितक्या लोकांनी घ्यावा. आमच्याकडे ते चालत नाही. एक खेळाडू एकाच्याच पदरात, म्हणून लिलाव.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या फुटबॉल संघांच्या मॅचेस बघत वाढलेला. तिथं तुम्ही कुणाचे, हे पेठ ठरवते, तुम्हाला कुणी विचारत नाही. इथं लेस्टरचा कट्टर माणूस नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या स्ट्रायकरसाठी इरेला पेटतो आणि मग शनिवारी त्यानं गोल मारावा की मारू नये, या विवंचनेत बसतो. सुरुवातीला मला हा सरळ सरळ धर्म बाटवण्याचा प्रकार वाटायचा.

आमच्या लीगचा व्यवहार भिशीसारखा. प्रत्येकाची वर्गणी चिटणिसाकडे, विश्वासावर. लिलावाचे पैसे मात्र कागदावरचे : प्रत्येकी १०० मिलियन पौंड, त्यात १५ खेळाडू भरायचे, किमान बोली अर्धा मिलियन. आळीपाळीनं एकेकानं नाव पुकारायचं. मुरलेला गडी आपल्याला हवं ते नाव आधी पुकारत नाही. नको असलेलं महागडं नाव टाकतो आणि दुसऱ्यांच्या थैल्या हलक्या होताना मान खाली घालून बघतो.

ऑगस्ट २०२२. स्ट्रायकर हालांड नुकताच मँचेस्टर सिटीत आलेला. बोली चाळिसावर गेली तशी टेबलावरची बडबड थांबली. पोस्टमन म्हणाला, "पंचेचाळीस." प्लंबर : "सत्तेचाळीस." पोस्टमननं कागदाच्या कोपऱ्यात उरलेले पैसे भागिले उरलेल्या जागा असं गणित मांडलं, आकडा बघितला, त्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "पंचावन्न." हालांडनं त्या मोसमात ३६ गोल मारून प्रीमिअर लीगचा विक्रम केला. पोस्टमन आमच्या गुणतक्त्यात मधल्या पायरीवर राहिला, कारण बाकीचे चौदा जण त्यानं चिल्लरीत भरले होते.

उलटं उदाहरण २०१५ चं. वार्डी आणि महरेझ अगदी शेवटी, सगळ्यांच्या थैल्या आटल्यावर पुकारले गेले. लेस्टरच्या पबमध्ये लेस्टरच्याच खेळाडूंना गिऱ्हाईक नव्हतं! शाळामास्तरानं दोघांना किमान बोलीत उचललं, आणि हा मास्तर कॉव्हेंट्री क्लबचा पाठीराखा. वार्डीनं लागोपाठ ११ सामन्यांत गोल केले, लेस्टर प्रीमिअर लीगचे विजेते झाले. गावात जल्लोष, आणि आमच्या टेबलावरचे निम्मे चेहरे आंबट. नियम ८ तेव्हाचा : 'लिलाव संपल्यावर बोली पुन्हा उघडणार नाही.' तो मास्तरानंच मांडला.

मार्च २०२० मध्ये मोसम थांबला आणि पबही बंद झाले. सामने जूनमध्ये रिकाम्या मैदानांवर सुरू झाले. त्यावरून नियम १० आला, तो मात्र फारसा न भांडता.

आता मोजणी फोन करतो. सोमवारचं वर्तमानपत्र पबमध्ये येतं ते शब्दकोड्यापुरतं. पण निवाडा फोनला जमत नाही. २०२५ च्या मोसमापासून अधिकृत खेळात बचावपटूनं एका सामन्यात टॅकल, इंटरसेप्शन, ब्लॉक आणि क्लिअरन्स मिळून १० केले की २ गुण मिळतात. आम्ही ते घ्यायचे का? ज्यांनी लिलावात स्वस्तातले सेंटर बॅक साठवले ते म्हणतात घ्या. ज्यांनी स्ट्रायकरवर पैसे ओतले ते म्हणतात, हा फुटबॉल नव्हे, कारकुनी आहे. मी दुसऱ्या पक्षात आहे आणि माझं कारण अर्थातच तात्त्विक आहे. मतं समसमान पडली. नियम ४ नुसार अशा वेळी चिटणिसाचं मत निर्णायक. पण चिटणिसाच्या संघात तीन सेंटर बॅक आहेत, तेव्हा आधी नियम ४ वरच मतदान घ्या, असा ठराव प्लंबरनं टाकला आहे.