कोरड्या दिवसांचं काय करायचं?

लेखमाला ‘शेजारधर्म’ : लेखांक सातवा

मागच्या रविवारी आपण कॅथलिकांची मिस्सा कशी असते ते पाहिलं. त्यावर सोलापूरच्या सात रस्ता भागातल्या एका वाचक बाईंनी विचारलं, “विधी कळला. पण मन लागत नसेल तर काय करतात ही मंडळी? पूजेला बसल्यावर आमचं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे असतं. त्यांचं तसं होत नाही का?”

होतं. दुधाकडे गेलेलं लक्ष तर किरकोळच. महिनोन्महिने प्रार्थनेत काही हाती लागत नाही, देव ऐकतो का अशी शंका येते, रविवार उजाडला की चर्चची पायरी चढायचा कंटाळा येतो, असे दिवस श्रद्धाळू माणसाच्या वाट्याला हमखास येतात. कॅथलिक परंपरेने या दिवसांकडे फार बारकाईने पाहिलं आहे, म्हणून आजचा लेखांक त्यांच्यावर.

मराठी माणसाला ही अवस्था परकी नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आपल्याकडे आहेत. वह्या पाण्यात गेल्यावर इंद्रायणीकाठी अन्नपाणी सोडून बसलेले तुकोबा आहेत. देव भेटत नाही ही तक्रार देवाच्याच दारात नेण्याची आपली रीत जुनी आहे. स्पेनमध्ये साधारण तुकोबांच्या आधीच्या पिढीत जॉन ऑफ द क्रॉस नावाचे कार्मेलाईट साधू होऊन गेले. संघात सुधारणा करू पाहतात म्हणून १५७७ मध्ये त्यांच्याच संघातल्या लोकांनी त्यांना टोलेडोच्या मठात एका अंधाऱ्या खोलीत डांबलं. जवळपास नऊ महिन्यांनी ते तिथून निसटले. आत्म्याच्या ‘काळ्या रात्री’बद्दल त्यांनी जे लिहिलं, ते आजही कॅथलिक साधक हाताशी ठेवतात.

अगदी अलीकडचं उदाहरण कोलकात्याच्या मदर तेरेसांचं. त्यांची खासगी पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि अनेकांना धक्का बसला. गरिबांमधलं काम सुरू केल्यानंतरच्या जवळपास पन्नास वर्षांत प्रार्थनेत देव जवळ असल्याचं त्यांना क्वचितच जाणवलं होतं, आणि हे त्या आपल्या मार्गदर्शक धर्मगुरूंना वेळोवेळी लिहीत होत्या. काही टीकाकारांनी लगेच ‘म्हणजे सगळं ढोंगच’ असा निकाल दिला. मला तो निकाल पटत नाही. ढोंगी माणूस आपली रिकामी झोळी कुणाला उघडून दाखवत नाही. चर्चने तर ती पत्रं तपासूनही २०१६ मध्ये त्यांना संत म्हणून जाहीर केलं.

या दोघांनी रात्र कशी असते ते सांगितलं. त्या रात्री काय करायचं आणि काय करायचं नाही, याचे रोखठोक नियम लिहिले ते इग्नेशियस लोयोला यांनी. हा माणूस मुळात शिपाईगडी. १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने शूरवीरांच्या प्रेमकथा वाचायला मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळालं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथांचं पुस्तक. मग कधी तो एखाद्या थोर घरच्या बाईसाठी पराक्रम गाजवल्याची स्वप्नं पाहायचा, तर कधी संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जाण्याची. दोन्ही स्वप्नं रंगायची सारखीच. पण पहिलं ओसरलं की मन कोरडं पडायचं आणि दुसरं ओसरल्यावरही प्रसन्न राहायचं. दुसरा कुणी असता तर हे त्याच्या ध्यानातही आलं नसतं. इग्नेशियसने मात्र या फरकावर बोट ठेवलं, आणि पुढचं सगळं त्यातून निघालं. त्यानंतर मान्रेसा गावी तो काही महिने राहिला. तिथे मनाने त्याला इतकं छळलं की जीव देण्याचे विचारही येऊन गेले. त्या अनुभवावर उभं राहिलेलं ‘आध्यात्मिक साधना’ हे छोटं पुस्तक पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्य केलं.

त्यात मनाच्या दोन अवस्था सांगितल्या आहेत. एक सांत्वनाची. श्रद्धा, आशा, प्रेम वाढवणारी कुठलीही हालचाल म्हणजे सांत्वन, मग त्यात डोळ्यांतून पाणी का येईना. दुसरी विषादाची : अंधारल्यासारखं होणं, जीव न रमणं, हलक्या गोष्टींची ओढ, आपल्याला कुणी वाली नाही असं वाटणं. विषादाच्या काळासाठी इग्नेशियसचा पहिला दंडक असा की त्या काळात कोणताही निर्णय बदलायचा नाही. मन शांत असताना जे ठरवलं होतं, त्याला चिकटून राहायचं. लग्न मोडायचं असो, मठ सोडायचा असो की रोजची प्रार्थना बंद करायची असो, अंधारात सही करायची नाही.

बदल करायचाच तर स्वतःत करायचा, तोही उलट्या दिशेने. तासभर प्रार्थनेला बसायचं ठरवलं असेल आणि अर्ध्या तासात नको झालं, तर तास पुरा करून वर थोडा वेळ आणखी बसायचं. या माणसातला शिपाई इथे दिसतो. तिसरी गोष्ट, मनात काय चाललंय ते दाबून ठेवायचं नाही. जाणत्या मार्गदर्शकाला किंवा कन्फेशनच्या वेळी धर्मगुरूला सांगायचं, कारण मनातला मोह लपवून ठेवल्यानेच माजतो. आणि बरे दिवस असतील तेव्हा पुढच्या वाईट दिवसांची शिदोरी बांधून ठेवायची. विषाद का येतो याचीही तीन कारणं तो देतो : आपलाच आळस, आपली परीक्षा, किंवा मिळालेलं सुख आपण कमावलेलं नव्हतं हे कळावं म्हणून. तिन्हींपैकी कुठलं लागू पडतं ते मात्र ज्याचं त्याने शोधायचं.

हे सगळं मठातल्या लोकांसाठी, असं वाटेल. पूर्ण साधना तीस दिवसांची आहे आणि ती मौनात करायची असते, हे खरं. पण ज्याला कामधंदा सोडता येत नाही त्याने घरीच राहून रोज दीडेक तास द्यावा, अशी सोय पुस्तकाच्या सुरुवातीच्या सूचनांमध्येच, एकोणिसाव्या क्रमांकाला आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याला तेवढाही वेळ कुठला? त्याच्यासाठी उरतो तो आत्मपरीक्षणाचा पाव तास. दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री. आधी दिवसाबद्दल आभार, मग स्वतःला नीट पाहता यावं म्हणून प्रार्थना, मग सकाळपासूनचे प्रसंग एकेक करून डोळ्यांसमोर आणायचे, चुकलं असेल तिथे क्षमा मागायची आणि उद्याचं एखादं छोटं पाऊल ठरवायचं. सोलापूरकराला हे समजायला अवघड जाऊ नये. माग चालू असताना धागा तुटला तर विणकर थांबतो, गाठ मारतो आणि पुन्हा सुरू करतो; तुटलेला धागा तसाच सोडून मीटरभर कापड विणत नाही.

इग्नेशियसचं हे शास्त्र महाराष्ट्रात नव्याने रुजवलं ते अँथनी डिमेलो यांनी. १९३१ मध्ये मुंबईत जन्मलेले, इग्नेशियसच्याच येशूसंघातले हे धर्मगुरू मानसशास्त्र शिकलेले होते. १९७० च्या दशकात त्यांनी पुण्यात ‘साधना’ संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली. स्वतःच्या श्वासाकडे, शरीराच्या संवेदनांकडे लक्ष देत प्रार्थनेत उतरायचं, ही आपल्या मातीतली वाट त्यांनी इग्नेशियसच्या पद्धतीला जोडली. १९७८ च्या त्यांच्या ‘साधना’ या पुस्तकाने जगभरच्या थकलेल्या धर्मगुरूंना आणि सिस्टरांना पुन्हा प्रार्थनेकडे आणलं. ते १९८७ मध्ये वारले. त्यांच्या काही मतांबद्दल व्हॅटिकनने १९९८ मध्ये इशारा दिला, हेही सांगायला हवं. माझं मत विचाराल तर त्यांच्या नंतरच्या चुरचुरीत बोधकथांपेक्षा हे सुरुवातीचं पुस्तक जास्त टिकाऊ आहे, कारण त्यात करायला काहीतरी दिलंय.

हल्ली मंडप घालून, मोठे स्पीकर लावून दोन दिवसांत आनंद मिळवून देणाऱ्या प्रार्थनासभा सगळ्याच पंथांत निघाल्या आहेत. तिथे रडून मोकळं झालेल्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. पण तिसऱ्या दिवशी तो पुन्हा कोरडा पडला की त्याला आपलीच श्रद्धा कमी पडली असं वाटतं, हे वाईट. इग्नेशियस त्याला सांगतो की कोरडं पडणं हा प्रवासाचाच भाग आहे. एक मात्र मी स्पष्ट करतो : झोप उडाली आहे, भूक मेली आहे, जगणं नकोसं झालं आहे, अशी लक्षणं असतील तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं. प्रार्थना औषधाच्या आड येत नाही.

आता एकट्याने उमेद कुठून आणायची, हा प्रश्न. सोलापूर पुणे धर्मप्रांतात मोडतं. आपल्याकडे ख्रिस्ती म्हटलं की बहुतेकांना अमेरिकन मराठी मिशन आठवतं, आणि ते प्रॉटेस्टंट. कॅथलिक समाज त्यामानाने लहान. अशा विखुरलेल्या लोकांसाठी हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीयाने १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक काढलं. डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मन मिशनऱ्यांना इथून हलवलं. डोरिंग यांची १९२१ मध्ये थेट जपानला, हिरोशिमाला नेमणूक झाली आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याच्या गादीवर परतले. मासिकाने मात्र शंभरी ओलांडली. ज्या गावात चार घरं कॅथलिकांची, तिथे टपालाने येणाऱ्या मराठी अंकाचं मोल काय असेल, हे पंढरीच्या वाटेवर दिंडी चुकलेल्या वारकऱ्याला विचारावं.

त्याही आधी इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी हेच ओळखलं होतं. धर्मांतर झालेल्यांची पुराणं सुटली होती, कानाला ओवीची सवय होती. त्यांच्यासाठी स्टीफन्सनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं आणि ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. स्टीफन्स हेही इग्नेशियसच्याच येशूसंघातले. आणि आपल्याला अगदी जवळचं सांगायचं तर जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवलं. ‘सुवार्ता’ हे मासिक त्यांनी वर्षानुवर्षं संपादित केलं होतं.

उरलेला आधार पंचांगाचा. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते आणि उपवासकाळ सुरू होतो. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेचे चौदा टप्पे, मग पवित्र आठवडा, मग पुनरुत्थानाचा सण. मन तयार आहे का, असं हे वेळापत्रक कुणाला विचारत नाही. एखाद्या वर्षी माणूस आतून रिकामा असतो, तरी सगळ्यांबरोबर त्या चौदा चित्रांसमोर गुडघे टेकतो आणि शेजारच्याच्या आवाजात आपला आवाज मिसळतो. सात रस्त्याच्या बाईंना माझं उत्तर एवढंच की ही मंडळी मन लागेपर्यंत थांबत नाहीत.

पुढच्या रविवारी मारियाभक्ती आणि श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावची मतमाउलीची यात्रा.