‘फकिरा’चा अभ्यास : बंडखोराला नाव देणारी भाषा

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन वाक्प्रचारांत केवळ वचनाचा भेद आहे. परंतु पहिल्याचा अर्थ नामकरण, तर दुसऱ्याचा निंदा. या दोहोंतील अंतर किती थोडे असते, याचे उदाहरण देवळाली कॅम्प येथेच सापडते. ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथील छावणीत राहत. त्यांच्या बोलीत या गावाच्या नावावरून भ्रमिष्टपणाचा वाचक असा एक शब्द तयार झाला व तो इंग्रजीत रूढ झाला. भ्रम सैनिकांचा, नाव मात्र गावाचे! नाव देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचाच अर्थ पुढे टिकतो. बंडखोराविषयीच्या कादंबरीचा अभ्यास करताना हे तत्त्व ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी 1959 साली प्रसिद्ध झाली. कथानक वाटेगावच्या परिसरात घडते. शिगावची जोगणी आपल्या गावी आणताना राणोजी मांग प्राण गमावतो. पुढे दुष्काळात वस्ती उपाशी मरू लागली असता त्याचा मुलगा फकिरा धान्य लुटून ते भुकेल्यांत वाटतो आणि सरकारी खजिन्यावरही हात टाकतो. अखेर आपल्या माणसांचा छळ थांबावा म्हणून तो स्वतः सरकारच्या स्वाधीन होतो. एकाच कृतीला सरकारी दप्तर गुन्हा म्हणते आणि उपाशी वस्ती अन्नदान म्हणते. कादंबरीतील संघर्ष जसा शस्त्रांचा आहे, तसाच तो या दोन नावांचाही आहे.

‘दरोडेखोर’ व ‘बंडखोर’ या शब्दांची घडण या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ‘खोर’ हा प्रत्यय फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘खाणारा’ असा आहे. लाचखोर, चुगलखोर, हरामखोर या शब्दांच्या पंक्तीत बसलेला ‘बंडखोर’ मुळातच दूषण घेऊन येतो. पुढे साहित्यविचारात तो गौरवाचा शब्द झाला, ही गोष्ट निराळी. 1857 च्या घटनेला ‘बंड’ म्हणावे की ‘स्वातंत्र्यसमर’, या वादाचे मूळही येथेच आहे. साहित्यात असे नाव बदलू शकते; परंतु कायद्यात शिरलेले नाव माणसाचे भवितव्य ठरवते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संबंध जमातींवर, त्यांतील व्यक्तीने गुन्हा केला असो वा नसो, जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. फकिराच्या समाजाला द्यावी लागणारी हजेरी हे त्याच शिक्क्याचे दैनंदिन रूप होय. स्वतंत्र भारतात हा कायदा 1952 साली रद्द झाला व त्या जमाती ‘विमुक्त’ म्हटल्या जाऊ लागल्या. मात्र ‘विमुक्त’ या शब्दातही पूर्वीच्या बंधनाची आठवण शिल्लक आहेच.

मेक्सिकन क्रांतीवरील मारियानो आसुएला यांची ‘लोस दे आबाहो’ ही कादंबरी तुलनेसाठी उपयुक्त आहे. आसुएला हे व्यवसायाने डॉक्टर. क्रांतिकारकांच्या एका तुकडीत त्यांनी वैद्यकीय काम केले होते. त्यांची कादंबरी 1915 साली एल पासो येथील वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘खालचे लोक’ असा आहे. तिचा नायक देमेत्रिओ मासिआस हा शेतकरी. त्याच्या तुकडीत लुईस सेर्वान्तेस हा शिकलेला तरुण दाखल होतो आणि आपण ‘एकाच मताचे’ असल्याचे एका जड शब्दात सांगतो. तो शब्द मासिआसला उमगत नाही. लढा शेतकऱ्यांचा, पण त्याची परिभाषा मात्र शिक्षिताची, हा दुरावा पुढे वाढतच जातो. शेवटी पत्नी लढाईचे कारण विचारते, तेव्हा मासिआस दरीत एक दगड टाकतो आणि तो कसा गडगडत चालला आहे, एवढेच दाखवतो. त्याच्यापाशी स्वतःचा शब्द उरलेला नाही.

‘फकिरा’त स्थिती वेगळी आहे. निवेदन प्रमाण मराठीच्या जवळचे असले, तरी पात्रांचे बोलणे वारणाकाठच्या बोलीत आहे, आणि भूक, अब्रू, गावकी ही बंडाची कारणे पात्रे त्या बोलीतच सांगतात. त्यांना परका दुभाष्या लागत नाही. म्हणून या कादंबरीतील बोली हा केवळ प्रादेशिक रंग नव्हे. ती बंडखोराची साक्ष आहे.

समीक्षकानेही येथे सावध राहावे. फकिराला ‘शेतकरी क्रांतिकारक’ म्हणणे आकर्षक वाटते. पण तो गावकीच्या व्यवस्थेत जखडलेल्या मांग समाजातील आहे, हे सत्य त्या नावाखाली झाकले जाते. दप्तराने त्याला गुन्हेगार ठरवले. अभ्यासकाने त्याला आपल्या सोयीच्या वर्गात बसवले, तर त्याची साक्ष दुसऱ्यांदा डावलली जाईल. यास्तव विद्यार्थ्याने फकिरासाठी येणारे प्रत्येक नाव टिपावे, ते कोणाच्या तोंडी आहे हे पाहावे आणि त्या नावामुळे कोणावर काय ओढवते याचा शोध घ्यावा. कादंबरीचा अर्थ ठरवण्याचे काम त्यानंतरचे होय.