सीमारेषेच्या आतलं झाड

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात केंट नावाची काउंटी आहे. तिचं मोठ्या चर्चचं गाव कँटरबरी. चॉसरच्या काव्यातले यात्रेकरू गोष्टी सांगत निघाले ते याच गावाकडे. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला ते चॉसरमुळे माहीत. पण आज बोलायचं आहे ते तिथल्या सेंट लॉरेन्स मैदानाबद्दल.

१८४२ मध्ये कँटरबरीत केंटचा क्लब उभा राहिला आणि त्याच वर्षी ‘क्रिकेट सप्ताह’ सुरू झाला. दिवसा सामना, रात्री हौशी मंडळींची नाटकं! मैदानाभोवती तंबू लागत. आपल्याकडच्या उरुसाची आठवण यावी असाच तो थाट. १८४७ मध्ये हा सगळा मेळा सेंट लॉरेन्सवर आला. १८७० मध्ये मेडस्टनचा क्लबही यात मिसळला. पुढे १८९६ मध्ये क्लबने मैदान विकतच घेतलं.

मैदान आलं तेव्हा तिथे एक झाड आधीपासूनच उभं होतं. इंग्रजीत ‘लाइम ट्री’, पण हे आपलं लिंबाचं झाड नव्हे. लिंडन जातीचा हा मोठा वृक्ष. तो थेट सीमारेषेच्या आत! दुसरीकडे कुणी सरळ कुऱ्हाड घातली असती. केंटवाल्यांनी झाड ठेवलं आणि नियम वळवला. चेंडू झाडाला लागला की चार धावा. फांदीवरून घरंगळलेला चेंडू झेलला, तरी फलंदाज बाद नाही. झाडावरून चेंडू पलीकडे टोलवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९२८ मध्ये लिअरी कॉन्स्टंटाइनने ते केलं, १९९२ मध्ये कार्ल हूपरने. आपला राहुल द्रविड २००० च्या मोसमात केंटकडून खेळला, तेव्हाही ते झाड जागेवर होतं.

या क्लबचा एक धागा मुंबईत येतो. केंटचे कर्णधार लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. शाळकरी पोरांची ‘हॅरिस शील्ड’ त्यांच्याच नावाची. १९८८ मध्ये सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली ती याच स्पर्धेत. पण १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल पेटली, तेव्हा हे साहेब पुण्यातच राहिले, अशी टीका त्यांच्यावर झाली. शील्ड आपल्याला आठवते, ही टीका फारशी आठवत नाही.

१९०६ मध्ये केंटने पहिल्यांदा काउंटी विजेतेपद पटकावलं. त्याची आठवण म्हणून हॅरिस यांच्या पुढाकाराने चित्रकार शेव्हालिए टेलरकडून एक मोठं चित्र काढून घेतलं गेलं. कँटरबरीचं मैदान, समोर लँकेशायर, आणि चेंडू टाकणारा डावखुरा फिरकी गोलंदाज कॉलिन ब्लाइथ. हा ब्लाइथ व्हायोलिनही वाजवायचा. १९०७ मध्ये त्याने एकाच दिवसात सतरा बळी घेतले. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात, पाशेंडेलजवळ, तो मारला गेला. मैदानावर त्याचं स्मारक आहे.

ते चित्र मात्र क्लबने २००६ मध्ये विकलं. पैशांची गरज होती. विकत घेणाऱ्या संस्थेने ते लॉर्ड्सवर लावायला दिलं, म्हणजे लोकांच्या नजरेआड झालं नाही, हे खरं. तरीही मला ती विक्री खटकते. ब्लाइथ त्या चित्रात कँटरबरीत गोलंदाजी करतो आहे. त्याने लंडनच्या भिंतीवर का राहावं?

झाडाच्या बाबतीत हाच क्लब जास्त शहाणा निघाला. नव्वदच्या दशकात खोडाला आतून कीड लागल्याचं, बुरशीने गाभा कुजत चालल्याचं लक्षात आलं. म्हातारं झाड उभं असतानाच, १९९९ मध्ये, क्रिकेट-लेखक ई. डब्ल्यू. स्वॉन्टन यांच्या हस्ते सीमारेषेबाहेर एक रोपटं लावलं गेलं. तेव्हा स्वॉन्टन नव्वदी ओलांडलेले होते. २००० च्या जानेवारीत ते गेले. जानेवारी २००५ मधल्या वादळी वाऱ्यात जुनं झाड मोडून पडलं. दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, ते कोवळं झाड मुळासकट उचलून मैदानात आणलं गेलं. तेव्हा ते जेमतेम माणसाएवढं होतं. त्याच्यावरून षटकार मारणं कुणालाही जमलं असतं.