टायमिंग बेल्ट एक दात चुकीचा बसला तर? इंजिन वाचवायची संधी नेमकी कधीपर्यंत असते?

गाडीचा टायमिंग बेल्ट बदलून झाला. सगळे नट-बोल्ट कसले, कव्हर लागलं, चावी फिरवली. पण गाडी एक तर स्टार्टच होत नाही, नाहीतर स्टार्ट होऊन थरथरायला लागते. इंजिन मिसिंग करतं, पिकअप गायब होतो, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजच्या भाषेत सांगायचं तर ‘टायमिंग आउट’ झालेलं असतं.

अशा वेळी बहुतेक जण म्हणतात, “अजून एकदा सेल्फ मारून बघू.” आणि खरं नुकसान बऱ्याचदा इथेच होतं. कारण बेल्ट चुकीचा बसणं ही दुरुस्त होणारी चूक आहे, पण त्याच अवस्थेत इंजिन फिरवत राहिलं तर ती चूक महागात पडू शकते.

टायमिंग बेल्ट करतो काय?

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, जो पिस्टन वर-खाली करतो. वर हेडमध्ये कॅमशाफ्ट असतो, जो व्हॉल्व्ह उघडतो. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांनी एकमेकांचं वेळापत्रक पाळावं म्हणून हे दोन्ही शाफ्ट दातेरी रबरी बेल्टने जोडलेले असतात. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते. आपल्याकडच्या जुन्या मारुती ८०० मध्ये बेल्ट होता. २०१२ साली भारतात आलेल्या रेनॉ डस्टरच्या १.५ लिटर डिझेल इंजिनातही बेल्टच होता. मारुतीच्या नंतरच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांत मात्र चेन आली.

हिशोब साधा आहे. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा होतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चालत असेल, तर क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि बंद होतो. हे गणित बिघडलं की काय होईल, याचा अंदाज यावरूनच येतो.

एक दात म्हणजे किती फरक?

समजा क्रँकच्या स्प्रॉकेटला २० दात आहेत आणि कॅमच्या स्प्रॉकेटला ४०. बेल्ट एक दात पुढे-मागे बसला तर कॅम ९ अंशांनी चुकतो. क्रँकच्या हिशोबात हीच चूक १८ अंशांची होते. म्हणजे व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळेच्या बराच आधी किंवा नंतर उघडतो. सिलिंडरमध्ये हवा नीट भरत नाही, कॉम्प्रेशन घटतं आणि इंजिनचा दम जातो.

मोठा धोका असतो तो ‘इंटरफेरन्स’ प्रकारच्या इंजिनांत. यात उघडा व्हॉल्व्ह जिथपर्यंत खाली येतो, तिथपर्यंत पिस्टनही वर येतो. दोघे वेगवेगळ्या वेळी तिथे पोहोचतात, म्हणून टक्कर होत नाही. वेळ चुकली की व्हॉल्व्ह वाकतो. एक दात चुकला तर बऱ्याच इंजिनांत टक्कर टळते, पण दोन-तीन दात चुकले की धोका वाढत जातो. ही मर्यादा प्रत्येक इंजिनात वेगळी असते. याउलट काही इंजिनांत पिस्टन आणि उघड्या व्हॉल्व्हमध्ये जागा शिल्लक राहते. तिथे बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाचतात.

चूक होते कशी?

जुना बेल्ट काढताच कॅम स्वतःहून थोडा सरकू शकतो, कारण व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला ढकलत असतात. दुसरं कारण म्हणजे चुकीची खूण. बाहेरच्या पुलीवरची खूण आणि आतल्या स्प्रॉकेटवरची खूण वेगवेगळी असू शकते. तिसरं कारण टेन्शनर. बेल्ट बसवताना एका बाजूला ढिला राहिला, तर टेन्शनर त्याला ताणताना कॅम एखादा दात सरकवून टाकतो. खुणा आधी जुळलेल्या दिसतात आणि नंतर हुकतात.

टायमिंग पुन्हा कसं बसवतात?

पहिलं काम म्हणजे सेल्फ मारणं बंद करणं आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं. त्यानंतर क्रम साधारण असा असतो:

१. प्लग काढणं. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे हीटर प्लग काढले की कॉम्प्रेशनचा विरोध राहत नाही. मग इंजिन हाताने सहज फिरतं आणि आत काही अडकलं तर हाताला कळतं.

२. हाताने फिरवणं. क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून इंजिन ज्या दिशेने चालतं, त्याच दिशेने हळू फिरवायचं. मध्येच कडक अडलं तर तिथेच थांबायचं. जोर लावला तर पिस्टन व्हॉल्व्हवरच दाबला जातो.

३. पहिला पिस्टन वर आणणं. पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेला टीडीसी म्हणतात. चार स्ट्रोकच्या एका चक्रात पिस्टन दोनदा वर येतो, त्यामुळे नुसता पिस्टन वर आला म्हणून टायमिंग जुळलं असं होत नाही. कॅमची खूणही जागेवर हवी.

४. क्रँक आधी सुरक्षित जागी नेणं. कॅम बराच हुकला असेल तर बेल्ट काढून कॅम सरळ फिरवणं धोक्याचं असतं. चार सिलिंडरच्या सरळ रांगेतल्या इंजिनात क्रँक टीडीसीपासून पाव फेरा मागे नेला, की चारही पिस्टन मधल्या उंचीवर येतात. मग कॅम फिरवून खुणेवर आणायचा आणि क्रँक परत टीडीसीवर न्यायचा. तीन सिलिंडरच्या इंजिनात मात्र सगळे पिस्टन एकाच वेळी मध्यावर येत नाहीत. तिथे त्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली पद्धतच वापरावी लागते.

५. लॉकिंग पिन लावणं. अनेक इंजिनांत क्रँक आणि कॅम जागेवर धरण्यासाठी खास पिन मिळतात. डस्टरच्या १.५ डिझेलमध्येही अशीच सोय आहे. पण या पिन जागा दाखवण्यासाठी असतात. त्यांच्या आधारावर बोल्ट सोडवला किंवा कसला तर पिन तुटू शकते.

६. बेल्ट चढवणं. सुरुवात क्रँकपासून करायची. टेन्शनर नसलेली बाजू आधी घट्ट ठेवायची आणि सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला आणायची. टेन्शनर शेवटी सोडायचा. दोन कॅमशाफ्ट असतील तर दोन्ही खुणा बघायच्या. जुन्या डिझेल इंजिनांत बेल्ट डिझेल पंपही फिरवतो, तिथे पंपाचीही खूण जुळवावी लागते.

दोन फेरे का महत्त्वाचे?

बेल्ट बसला, टेन्शनर सोडला, पिन काढल्या. आता क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा, म्हणजे कॅमचा एक फेरा होतो. कुठे अडलं नाही आणि सगळ्या खुणा पुन्हा अचूक जुळल्या, तरच पुढचं काम करायचं. खूण एक दात जरी हुकली तरी बेल्ट काढून पुन्हा बसवायचा. या तपासणीला काही मिनिटं लागतात, पण इंजिन वाचवायची ही शेवटची बिनखर्चाची संधी असते.

इथे एक गोष्ट अनेकांना गोंधळात टाकते. काही बेल्टवर रंगाच्या रेघा छापलेल्या असतात. दोन फेऱ्यांनंतर त्या रेघा स्प्रॉकेटच्या खुणांसमोर दिसत नाहीत. ही चूक नाही. बेल्टच्या दातांची संख्या वेगळी असल्याने तो एवढ्यात मूळ जागी परत येत नाही. बघायच्या त्या स्प्रॉकेट आणि इंजिनवरच्या खुणा.

गाडी आधीच स्टार्ट केली असेल तर?

लगेच हेड खोलायची गरज नसते. आधी टायमिंग बरोबर बसवायचं, मग कॉम्प्रेशन टेस्ट करायची. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन ठीक आलं तर बहुधा नुकसान टळलं. एखाद्याच सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन अगदी कमी किंवा शून्य आलं, तर व्हॉल्व्ह वाकल्याची शक्यता मोठी. लीकडाउन टेस्ट केली की हवा कुठून निसटते तेही कळतं. मग हेड उतरवण्याला पर्याय नसतो. नव्या गाड्यांत स्कॅनर लावल्यावर ‘पी००१६’ हा कोड दिसला, तर क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरचा मेळ बसत नाही असा अर्थ होतो. त्यामागे सेन्सर किंवा वायरिंगही असू शकतं. पण बेल्ट नुकताच बदलला असेल तर आधी टायमिंग तपासलेलं बरं.

गाडीमालकाने काय विचारावं?

बेल्ट बदलायला गाडी देताना तीन प्रश्न पुरेसे आहेत. या इंजिनच्या टायमिंग पिन तुमच्याकडे आहेत का? बेल्टसोबत टेन्शनर बदलणार का, आणि वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही बदलणार का? स्टार्ट करण्याआधी हाताने दोन फेरे फिरवून खुणा दाखवाल का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर “हो” असेल, तर कव्हर लावण्याआधी खुणांचा एक फोटोही मागून घ्या. पुढे काही बिघडलं तर टायमिंग बरोबर बसवलं होतं की नाही, यावर वाद घालायची वेळ येणार नाही.