खोकला दसऱ्याचा, निदान होळीला

या होळीच्या आधी मालेगाव तालुक्यातील एका आंध वस्तीवर प्रार्थना संपली आणि मागे बसलेली एक बाई खोकू लागली. कधीपासून, असे मी विचारले. "दसऱ्यापासून. सोयाबीन सोंगताना धुरळा गेला असन घशात." पोलके अंगावर लोंबत होते. थुंकी तपासली, क्षयरोग निघाला.

मंडळीतले लोक मला नेहमी विचारतात, "औषध फुकट मिळते, मग माणसे टीबीने मरतात कशी?" म्हणून तिचे पाच महिने कुठे गेले, ते तिच्याजवळ बसून मोजले.

पहिला महिना धुरळ्याच्या नावावर गेला. सोंगणी-मळणीत सगळी वस्तीच खोकते. मग बाजाराच्या गावी एका डॉक्टरकडे दोनदा सुई आणि गोळ्या. आठ दिवस बरे वाटले. खरी फसगत इथेच होते. छातीच्या जंतुसंसर्गावर दिली जाणारी काही औषधे, उदाहरणार्थ लिव्होफ्लॉक्सासिन, क्षयाच्या जंतूंनाही काही काळ दाबतात. ताप उतरतो, पण जंतू पुरते मरत नाहीत. उलट त्यानंतर केलेल्या तपासणीत ते सापडणे अवघड होते.

पुढे ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. फडावरून दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. संक्रांतीला खोकल्याने बेजार होऊन परतली, थुंकी दिली, आणि "जंतू नाहीत" असा कागद मिळाला. बिचारीने डबीत दिली होती ती नुसती लाळ! सकाळी उठल्यावर खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका लागतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला ते एका मिलिलीटरमध्ये दहा हजारांच्या आसपास असावे लागतात. सीबीनॅट यंत्राला त्याहून पुष्कळ कमी पुरतात. ते सुमारे दोन तासांत निकाल देते, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही सांगते. त्यामुळे एकदा "नाही" आले तरी खोकला, ताप, वजन घटणे चालूच असेल, तर पुन्हा तपासायला लावावे.

वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय १९३८ मध्ये सुरू झाले, तेव्हा क्षयाचा जंतू मारणारे औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला १९४३ मध्ये. आज सरकार औषधे मोफत देते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १००० रुपयेही देते. पण हे पैसे निदानानंतरचे. सुया, एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी हा सगळा खर्च त्याच्या आधीच होऊन बसतो, आणि लोक तिथेच थकतात. म्हणून आपल्या दानातील रक्कम आम्ही या तिमाहीत तपासणीला नेण्याच्या भाड्यावर आणि त्या दिवसाच्या मजुरीवर खर्च केली.

बाईचे औषध सुरू आहे, ते सहा महिने चालेल. घरातल्या सगळ्यांना तपासले. तिच्या चार वर्षांच्या मुलीच्या मानेत गाठ लागली. एवढ्या लहान लेकराला बेडका काढता येत नाही, म्हणून गाठीतले पाणी सुईने काढून वाशीमला पाठवले आहे. हे लिहीपर्यंत निकाल आलेला नाही. या लेकरासाठी प्रार्थना करा.